बाबांचं सीको आणि "नवं करून देतो"

वारशात घड्याळ आलं की आपल्याकडे त्याची रवानगी दोनच ठिकाणी होते. एक तर कपाटातल्या चोरकप्प्यात, नाहीतर "नवं करून देतो" म्हणणाऱ्या दुकानात. माझं मत विचाराल तर दुसरी जागा जास्त घातक. चोरकप्प्यातलं घड्याळ बंद पडतं, पण निदान तेच घड्याळ राहतं. "नवं" होऊन आलेलं घड्याळ म्हणजे भलतंच काहीतरी असतं, फक्त मागच्या झाकणावरचा नंबर जुना.

हे आत्ताच लिहायचं कारण म्हणजे गेल्या महिन्याभरात तीन वेगवेगळ्या लोकांनी माझ्या मनगटाकडे बघून मला सल्ला दिलाय. त्यातली एक सख्खी आत्या. "अरे, किती कळकट दिसतंय ते! दादाची आठवण आहे ना, मग जरा नवं करून घे की रे." आत्याशी वाद घालायची आपल्या घरात पद्धत नाही, म्हणून इथे घालतो.

आधी वस्तू काय आहे ते सांगतो. सीको फाइव्ह, आतलं मशीन 7009ए, 17 ज्वेल्स, ऑटोमॅटिक. बाबा 1981 ते 1984 मस्कतला फिटर होते, तिथे घेतलेलं. त्या काळी गल्फहून सुटीवर येणारा माणूस म्हणजे हातात सीको फाइव्ह, खांद्यावर टू-इन-वन आणि बॅगेत सेंटच्या बाटल्या, हे कोकणात ठरलेलंच होतं. म्हणजे हे काही दुर्मीळ घड्याळ नव्हे. सीकोने ही 'फाइव्ह' मालिका 1963 मध्ये काढली तीच मुळी सामान्य माणसासाठी: आपोआप किल्ली बसणार, वार आणि तारीख एकाच खिडकीत, पाण्याला दाद न देणारं, किल्ली चारच्या आकड्याजवळ आत दडवलेली, आणि केस-पट्टा दणकट. जुन्या बाजारात आज विकायला गेलो तर फार पैसे येणार नाहीत. तेव्हा "किंमत कमी होईल म्हणून हात लावू नका" हा संग्राहकांचा युक्तिवाद मी करतच नाहीये. किंमत नाहीच आहे. तरीही हात लावू नका म्हणतोय.

आमच्या धंद्यातल्या लोकांना आवडेल अशी एक गंमत सांगतो. सीकोच्या झाकणावरच्या सीरियल नंबरचा पहिला आकडा म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा आणि दुसरा म्हणजे महिना. जानेवारी ते सप्टेंबर 1 ते 9, ऑक्टोबर 0, नोव्हेंबर एन आणि डिसेंबर डी. आमचा नंबर 26 ने सुरू होतो. म्हणजे जून महिना आणि वर्ष...? 72, 82 की 92? वाय-टू-के मध्ये आपण दोन आकड्यांत वर्ष साठवलं म्हणून सगळ्या जगाने बोंब मारली, इथे यांनी एकाच आकड्यात भागवलंय! मग उरलेली माहिती दुसरीकडून जोडायची. 1972 मध्ये हे मशीन आलेलंच नव्हतं, आणि 1984 च्या एका लग्नाच्या फोटोत बाबांच्या हातात ते स्वच्छ दिसतंय. म्हणजे जून 1982.

आता कळकटपणा. डायल मूळचा चंदेरी होता, आता कडेने पिवळसर झालाय. तीनच्या आसपास दोन बारीक डाग आहेत, कधीतरी वाफ आत गेल्याचे. केसच्या डाव्या बाजूला एक खोल ओरखडा आहे, तो पाइपच्या फ्लँजवर आपटल्याचा, असं बाबा सांगायचे. आणि या घड्याळाची माझ्या दृष्टीने सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे वाराची चकती. तिच्यावर चौदा घरं आहेत, सात इंग्रजी आणि सात अरबी, एकाआड एक. मध्यरात्रीनंतर ती आधी एक घर सरकते आणि खिडकीत अरबी वार येतो. काही तासांनी आणखी एक घर सरकते, मग इंग्रजी. म्हणजे रोज पहाटेपर्यंत हे घड्याळ मस्कतमध्ये असतं आणि मग पुण्यात येतं. रिलीजच्या रात्री जागत असलो की मी हे बघतो. बाबांना अरबी वाचता येत नव्हतं, फक्त शुक्रवार ओळखता यायचा. कारण सुटी!

आता हे घड्याळ "नवं करून" म्हणजे नक्की काय होतं ते ऐका. मी दोन वर्षांपूर्वी मुद्दाम एका दुकानात चौकशी करायला गेलो होतो (नाव-गाव सोडून द्या, अशी दुकानं प्रत्येक शहरात आहेत). गृहस्थ अगदी प्रेमळ. म्हणाले, "साहेब, डायल पेंट करून देतो, काटे नवे टाकतो, केस बफिंग करतो, आणि ही अरबी चकती काढून इंग्लिशवाली टाकतो. शोरूम पीस होईल." त्यांचं चुकत होतं असं मी म्हणत नाही. त्यांच्याकडे येणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांना हेच हवं असतं. पण त्यातल्या प्रत्येक शब्दाचा अर्थ बघा. डायल पेंट करायचा म्हणजे कारखान्यातला मूळ थर खरवडून काढायचा आणि त्यावर नवा रंग आणि नवी छपाई करायची. डायलच्या अगदी तळाशी बारीक अक्षरांत जो कोड असतो तो एक तर गायब होतो, नाहीतर गिचमिड होऊन येतो. बफिंग म्हणजे चाकावर धरून धातू घासायचा. ओरखडा जात नाही, त्याच्या आजूबाजूचं स्टील जातं. केसच्या धारदार कडा साबणाच्या वडीसारख्या गोल होतात, आणि गेलेलं स्टील परत येत नाही. अशी भडक रंगाची, चकाचक केलेली घड्याळं आपल्याकडून बाहेर इतकी विकली गेली आहेत की परदेशातले संग्राहक त्यांना 'मुंबई स्पेशल' म्हणतात. हे काही कौतुकाने ठेवलेलं नाव नाही.

कोडमध्ये काहीही बिघडवलं तरी आपल्याकडे जुनी आवृत्ती असते. डायलला रोलबॅक नाही.

यावर एक मित्र मला म्हणाला, "मग सर्व्हिसिंग तरी कशाला करतोस? त्यातही पार्ट बदलतातच की. मेन स्प्रिंग बदललीस, काच बदललीस, तेव्हा ते बाबांचं राहिलं का?" प्रश्न बरोबर आहे आणि मी त्यावर बराच विचार केलाय. माझी रेघ अशी आहे: जो भाग मूळ कारखान्यानेच "हा झिजणार, बदला" म्हणून बनवलाय तो बिनदिक्कत बदलायचा. तेल, रबरी गॅस्केट, मेन स्प्रिंग, पट्ट्याच्या पिना. पंपाचं वायसर बदलताना आपण रडत नाही. पण डायल, काटे, केस आणि ती वाराची चकती यांना हात नाही. काच या दोन्हींच्या मधे येते. आमच्या काचेला कडेला टवका गेला होता आणि तिथून दमटपणा आत जायची भीती होती, म्हणून बदलली. जुनी काच कागदात गुंडाळून, वर तारीख टाकून ठेवली आहे. (एचएमटीवाल्यांना इथे सोय आहे. जुन्या एचएमटीची काच बहुतेक ॲक्रिलिकची असते, ती पॉलिश पेस्टने घासून बरीच स्वच्छ होते. सीकोची हार्डलेक्स काच घासून काही होत नाही, बदलावीच लागते.)

नियमाला अपवाद आहे. डायलवरचा रंग सुटून त्याचे पापुद्रे पडायला लागले असतील तर ते मशीनमध्ये जाऊन अडकतात. तेव्हा त्याच मॉडेलचा दुसरा मूळ डायल शोधायचा, तो बसवायचा आणि आपला जपून ठेवायचा. आणि घड्याळ आजोबांच्या काळातलं, 1960 च्या आधीचं असेल आणि आकड्यांवर अंधारात चमकणारा मसाला असेल, तर तो घरी उघडून खरवडायच्या भानगडीत अजिबात पडू नका. आपण हल्ली गाडीवरच्या स्टिकरलाही रेडियम म्हणतो, पण त्या घड्याळांमध्ये खरोखरचं रेडियम असू शकतं.

आता दुसऱ्या टोकाची मंडळी, म्हणजे कपाटवाली. यांचं वागणं साधारण असं असतं: पंधरा-वीस वर्षं घड्याळ पडून राहतं, मग एखाद्या दिवाळीच्या साफसफाईत सापडतं, कोणीतरी हलवून बघतं आणि ते टिकटिक करायला लागतं! "बघ, जपानी माल! अजून चालतंय!" आणि दुसऱ्या दिवसापासून ते हातात. घड्याळावर याच्याइतका अन्याय दुसरा नाही. आतलं तेल इतक्या वर्षांत एक तर वाळलेलं असतं, नाहीतर त्याचा डिंक झालेला असतं. या मशीनचा तोल-चाकाचा झोका एका सेकंदात सहा ठोके देतो. म्हणजे दिवसाला 5,18,400 आणि वर्षाला जवळजवळ 19 कोटी. त्या चाकाच्या आसाची टोकं जेमतेम केसाएवढी जाड. तेलाशिवाय ती 19 कोटी वेळा घासली की काय होईल याचा हिशोब करा. बंद पडलेलं घड्याळ झिजत नाही, कोरडं चालणारं झिजतं. म्हणून सापडलेलं घड्याळ आधी घड्याळजीकडे, मग हातात. हा क्रम उलटा करायचा नाही.

आणि कपाट सुरक्षित असतं ही समजूतही जरा तपासून घ्या. जुलै 2021 मध्ये चिपळूणला पुराचं पाणी भरलं तेव्हा आमच्या काकांचं लग्नातलं एचएमटी लोखंडी कपाटाच्या खालच्या कप्प्यात "सुरक्षित" होतं. दोन दिवसांनी चिखलासकट निघालं. कोणीतरी सांगितलं म्हणून ते आठवडाभर तांदळाच्या डब्यात ठेवलं. तांदळाने काय होणार? बारीक पोलादी भागांवर गंज चढायला फार वेळ लागत नाही. पाणी गेलेलं घड्याळ ताबडतोब उघडावं लागतं, तेवढा एकच उपाय आहे. पण तेव्हा चिपळुणात घड्याळजी कुठून आणायचा, लोकांची घरंच चिखलात होती. काकांना मी दोष देत नाही. पण त्यावेळी बाबांचं सीको माझ्या मनगटावर पुण्यात होतं, म्हणून ते आज आहे.

तसंच 'वॉटर रेझिस्टंट' हे शब्द. चाळीस वर्षांपूर्वीच्या झाकणावर ते छापलेत म्हणून पावसात भिजू नका. ते वचन रबराच्या गॅस्केटने दिलेलं असतं, आणि ते रबर दगड झालेलं असतं. गॅस्केट अगदी स्वस्त मिळतं. झाकण उघडलं की प्रत्येक वेळी नवं टाकायला सांगा, आणि तरीही पोहायला जाऊ नका. रात्री काढून ठेवताना मागची बाजू मऊ कापडाने पुसा. आपल्या हवेत घामाने झाकणाच्या कडेला खड्डे पडतात, तिथेच मग गॅस्केट नीट बसत नाही.

जुन्या घड्याळांच्या नावावर एक खोटी गोष्ट आपल्याकडे भारी चालते, ती इथेच मोडून काढतो. "घड्याळ दुरुस्तीला दिलं की ते आतले खडे काढून घेतात." अहो, ते 17 ज्वेल्स म्हणजे कारखान्यात बनवलेली कृत्रिम माणकं असतात, बेअरिंग म्हणून बसवलेली. कृत्रिम माणिक बनवायची पद्धत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून माहीत आहे आणि त्या खड्याला दागिन्याची किंमत शून्य. तो काढून घेऊन घड्याळजीला मिळणार काय? पण या एका संशयापायी दोन पिढ्यांनी घड्याळजीसमोर बसून, त्याच्या हाताकडे टक लावून घड्याळं दुरुस्त करून घेतली. दुसरी भीती "जास्त किल्ली बसून स्प्रिंग तुटेल" ही. ऑटोमॅटिकमध्ये स्प्रिंगचं बाहेरचं टोक अडकवलेलंच नसतं, पूर्ण भरली की ते आतल्या आत घसरतं. आणि 7009 ला तर हाताने किल्ली देताच येत नाही. थांबलेलं असेल तर आडवं धरून वीस-तीस सेकंद हलकेच हलवायचं, वेळ लावायची, हातात घालायचं. वार-तारीख मात्र रात्री नऊ ते पहाटे चार-साडेचारपर्यंत किल्लीने बदलू नका, तेव्हा चकत्या फिरवणारे दाते गुंतलेले असतात.

आता जरा स्वतःच्या जातीबद्दल. ऑटोमॅटिक घड्याळ हाताच्या हालचालीवर जगतं. मागे अर्धगोल वजन फिरतं, त्याला जोडलेला एक दोन बोटांचा लिव्हर (सीको त्याला 'मॅजिक लिव्हर' म्हणतं, 1959 पासून वापरात) एका दातेरी चाकाला कधी ढकलतो, कधी ओढतो. त्यामुळे वजन कुठल्याही दिशेला फिरलं तरी स्प्रिंग भरते. कल्पना इतकी साधी आहे की ती पहिल्यांदा बघितली तेव्हा मला आमच्या प्रॉजेक्टची लाज वाटली होती. तर, बाबा दिवसभर पाने आणि हातोडा चालवायचे. त्यांच्या हातावर हे घड्याळ कायम पोट भरलेलं असायचं. माझा हात कीबोर्डवर. बोटं हलतात, मनगट ढिम्म! सोमवारी सकाळी ते थांबलेलं किंवा मागे पडलेलं असतं, कारण शनिवार-रविवार मी लोळतो. बिचारं माझ्या हातावर उपाशी राहतं. यावर बाजारात 'वॉच वाइंडर' नावाचं यंत्र मिळतं, घड्याळ ठेवायचं आणि ते रात्रभर गोल फिरवत बसतं. मला तो प्रकार पटत नाही. घालायचं नसेल तेव्हा घड्याळ थांबू दे, त्यात त्याचं काही बिघडत नाही. मी त्याऐवजी संध्याकाळी चालायला जायला लागलो. डॉक्टरांना जे जमलं नाही ते घड्याळाने करून घेतलं. :-)

आमच्या टेबलावरचा खरा शत्रू म्हणजे चुंबक. लॅपटॉपचे स्पीकर, टॅबलेटचं कव्हर, मोबाइलचं ते चटकन बंद होणारं पाकीट. केसासारख्या स्प्रिंगची वेटोळी चुंबकत्वाने एकमेकांना चिकटली की घड्याळ दिवसाला कित्येक मिनिटं पुढे पळायला लागतं. घाबरून मशीन बदलायला सांगू नका. साधं होकायंत्र जवळ धरा, सुई हलली तर तेच कारण असण्याची शक्यता जास्त. घड्याळजी ते मिनिटभरात उतरवून देतो.

अचूकतेचंही तसंच. बाबांचं घड्याळ सध्या दिवसाला वीसेक सेकंद पुढे जातं. "एवढं चुकतं?" असं आमच्या टीममधल्या एका पोराने तोंड वाकडं करून विचारलं. 86,400 सेकंदांत 20 म्हणजे 99.97 टक्क्यांहून जास्त बरोबर. चाळीस वर्षांपूर्वीचं, बॅटरी नाही, नेटवर्क नाही. आपल्या सर्व्हरचा रिपोर्ट काढ आणि मग बोलू, म्हटलं.

आता जे मनाला खरंच लागलंय ते. घड्याळ टिकेल. हे मॉडेल इतकं प्रचंड संख्येने विकलं गेलं की सुटे भाग काढायला बंद पडलेली सीको आजही सहज मिळतात. मी एक घेऊनच ठेवलंय. दुर्मीळ घड्याळापेक्षा बाजारू घड्याळ जास्त जगतं, ते यामुळे. एचएमटीचंही काही वर्षं असंच चालेल. केंद्रीय मंत्रिमंडळाने जानेवारी 2016 मध्ये एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली, पण 1961 पासून बंगळुरूच्या त्या कारखान्याने घरोघरी इतकी घड्याळं पोहोचवली होती की त्यांच्या सांगाड्यांवर बाकीची जगताहेत. प्रश्न भागांचा नाही, माणसाचा आहे. पेठेतले जे काका माझं घड्याळ उघडतात ते सत्तरीच्या पुढे आहेत. त्यांचा मुलगा आमच्याच लाइनीत, त्याला यात रस नाही, आणि का असावा? दिवसभर डोळ्याला भिंग लावून बसायचं आणि समोरचा म्हणणार, "एवढ्याचे आठशे?" आम्ही एका मीटिंगला उशीर झाला म्हणून टॅक्सीला तेवढे देतो आणि पूर्ण मशीन सुटं करून, धुऊन, सतरा ठिकाणी चार वेगवेगळ्या जाडीची तेलं घालून परत जोडणाऱ्याशी घासाघीस करतो. लोक "नवं करून देतो"वाल्याकडे जातात कारण तिथे पैसे दिल्याचं डोळ्यांना दिसतं. सर्व्हिसिंगचं काहीच दिसत नाही. जसं गेलं होतं तसंच कळकट परत येतं. आत्याचा आक्षेप नेमका हाच आहे.

काकांना मी मागच्या वेळी विचारलं, ही अरबी चकती बदलावी का? त्यांनी भिंग वर केलं आणि म्हणाले, "चालतेय ना? मग कशाला? बदलायची तर बदलतो, पण जुनी मला नको, तुमची तुम्ही घेऊन जा." त्यांनी सांगितलेल्या पैशांत मी दोनशे वर घातले, ते त्यांनी दोनदा मोजून परत केले. मग मी त्यांना दुसरं काम विचारलं: शनिवारी येऊन बसलो तर झाकण उघडून निदान धुणं आणि तेल घालणं शिकवाल का? हातात बाबांचं घड्याळ नाही, ते सुट्या भागांसाठी आणलेलं. त्यांनी माझ्या बोटांकडे बघितलं, कीबोर्डवाली बोटं. म्हणाले, चहा आणि चिमटा स्वतःचा आणायचा, आणि पहिले दोन महिने फक्त स्क्रू काढून परत लावायचे.

सध्या स्क्रूंवर आहे. काल एक उडाला, तो अजून फरशीवर कुठेतरी आहे.